भिंतीपासून दीड फूट

माणूस आईबापाच्या घरी मोठा होतो असं सगळे धरून चालतात. मी निफाडकडच्या आमच्या घरी नुसती उंच झाले. सोळाव्या वर्षी चांदवडकडं नांदायला गेले, तिथं नुसती राबले. मोठी झाले ती नाशकात, आत्याच्या घराच्या मागच्या अंगणात, आणि तेव्हा मी तिशी ओलांडली होती. उशीर झाला म्हणायचा तर झाला. काही झाडं उशिरा धरतात, काही धरतच नाहीत. मी धरलं.

सासरी चौदा वर्षं काढली. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. दुसरी वाईट नव्हती, तिनं मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण आम्ही दोघी एका चुलीपुढं बसलो की भाकरी कुणी थापायची हे दोघींनाही कळेनासं व्हायचं. परात मध्ये आणि दोघींचे हात मांडीवर. असं वर्षभर झालं. मग एक दिवस मी पिशवीत दोन साड्या घातल्या, रस्त्यावर येऊन उभी राहिले आणि नाशिकची बस धरली. मला कुणी हाकललं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोक मला टाकलेली म्हणायचे. मी टाकलेली नव्हते, निघालेली होते. आईवडील तोवर वारले होते, म्हणून वडिलांच्या धाकट्या बहिणीकडं, आत्याकडं आले. आत्यानं दार उघडलं, पिशवीकडं बघितलं आणि म्हणाली, "पाय धू. पिठलं टाकते."

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळं घरात दोनच माणसं, तिसरी मी. घर म्हणजे पुढंमागं दोन खोल्या आणि मागं शहाबादी फरशी घातलेलं अंगण, आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब. अंगणाच्या शेवटी नळ, धुण्याचा दगड आणि संडास. डाव्या हाताला उघडी तारेची जाळी. उजव्या हाताला शेजारच्या पगारेबाईंची भिंत. त्यांनी त्यांच्या अंगणात एक खोली वाढवली होती आणि त्या खोलीची भिंत हीच आमच्या अंगणाची एक बाजू झाली होती.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी कारखान्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे, कुणाचा घोगरा, कुणाचा चिरका. भोंगे झाले की सायकलींची रांग रस्त्यावरून जायची आणि मग सगळी कॉलनी एकदम रिकामी व्हायची, पाणी ओतून टाकल्यासारखी. मागं राहायचा तो कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज, कुणाच्या तरी टीव्हीचा, आणि दुपारी पगारेबाईंच्या भिंतीतून येणारे पाढे. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर त्या मागच्या खोलीत आठ-दहा पोरांची शिकवणी घ्यायच्या. सात सत्ते एकोणपन्नास. मी चौथीपर्यंतच शाळेत गेलेली. बाराच्या पुढचे पाढे मला त्या भिंतीनं शिकवले.

पहिले काही महिने मी काहीच केलं नाही. म्हणजे धुणंभांडी, स्वयंपाक केला, पण ते काही करणं नव्हे. शेतावरचं माणूस दोन खोल्यांत आलं की त्याचे हात लांब होतात, कुठं ठेवावे कळत नाही. दुपारी आत्या झोपली की मी मागच्या दारात आडवी व्हायचे, डोकं उंबऱ्याजवळ, आणि फरशीकडं बघत राहायचे. झोपही नाही आणि जागही नाही. फरशीवर ऊन सरकायचं. कधी वाटायचं फरशीच्या खाली पाणी वाहतंय, पाटाचं, आणि मी बारं धरायला, पाणी वाफ्यांत वळवायला, उठायला पाहिजे. उठून बसायचे तर नळ टपकत असायचा.

मामा मला काही बोलायचे नाहीत. ते कुणालाच काही बोलायचे नाहीत, दिवसाकाठी दहा शब्द असतील तर असतील. घरी आले की हाताचं तेल रॉकेलनं काढायचे, जेवायचे आणि पेपर धरायचे. पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला गप्प माणसाची भीती वाटते. ह्यांना मी जड झाले असणार, असं मी धरून चालले होते. आत्याला विचारलं तर म्हणाली, "ते माझ्याशीबी बोलत नाय. मी काय निघून गेले?"

वाफ्याचं डोक्यात आलं ते मातीमुळं. तेव्हा कॉलनीच्या पलीकडं द्राक्षाच्या बागा तोडून प्लॉट पडत होते. बंगल्याचा पाया खणायचा तर वरची काळी माती काढून टाकतात, खाली मुरूम लागेपर्यंत. ती माती रस्त्याच्या कडेला ढीग करून टाकलेली असायची. मी आणि आत्या दळण घेऊन येत होतो. मी ढिगाशी थांबले आणि मूठभर माती उचलली. दाबली की गोळा होत होता, बोटानं टोचला की फुटत होता. अशी माती आमच्याकडं वडिलांनी बांध कोरून कोरून मिळवली होती आणि इथं ती कचऱ्यासारखी पडलेली. मी वॉचमनला विचारलं, ही कुणाची. तो म्हणाला, "कुणाची नाही बाई. उद्या ट्रक नेणार."

"कुठं नेणार?"

"खड्ड्यात."

त्या दिवसापासून मी गोणीनं माती आणायला लागले. रोज दोन खेपा, डोक्यावर. आत्या आधी हसली. म्हणाली, "फरशीवर काय पिकवती, डोंबल?" मग एका संध्याकाळी तीच घमेलं घेऊन माझ्यामागं आली. पगारेबाईंच्या भिंतीला लागून मी फुटक्या विटांच्या तीन बाजू रचल्या, गुडघ्याला येईल एवढ्या उंच. चौथी बाजू भिंतच, म्हणजे तेवढ्या विटा वाचल्या. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. तळाला कौलांचे तुकडे, त्यावर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, मग पालापाचोळा, मग माती, शेणखत आणि थोडी रेती, कारण नुसती काळी माती उन्हात भेगाळते. तीन फूट रुंद आणि नऊ फूट लांब. रोपं टाकायला शेतात आपण गादीवाफा करतो, तसाच, फक्त घरात. आत्यानं विचारलं, कांदा लावायचा का. मी म्हणाले, कांदा सोडून सांगशील ते लावते.

मेथी, कोथिंबीर, पालक. कडेला मुळे, कोपऱ्यात दोन मिरच्या. धने चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फोडी केल्या, त्याशिवाय ते नीट उगवत नाहीत. मेथी रात्रभर भिजवून फोकली, म्हणजे हातानं विखरून पेरली. चौथ्या दिवशी मी दुपारची दारात आडवी झाले होते आणि डोळे उघडले तर समोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, माती उचललेली दिसली. वाफा उंच होता म्हणून तसं दिसलं. शेतात उगवण आपण वरून बघतो, उभं राहून, मालकासारखं. मी ती पहिल्यांदा जमिनीवरून बघितली. मातीचा खवला डोक्यावर घेऊन एकेक कोंब वाकलेला, मग सरळ होणारा. ऊन मागून येत होतं आणि ते कोंब आतून पेटल्यासारखे हिरवे दिसत होते. रानच ते. बोटभर उंचीचं रान, आणि त्यात वाऱ्याची वाट, सावल्या, एक मुंगळा असा चाललेला की जसा कुणी बाजाराला निघालाय. मी उठलेच नाही. चहाची वेळ टळली. पलीकडून पाढे येत होते आणि मला वाटत होतं, ते रानातूनच येताहेत. आता सांगितलं तर लोक म्हणतील म्हातारी चळली. पण तेव्हा मी म्हातारी नव्हते आणि जे दिसलं ते दिसलं.

आजकाल गच्चीवर पिशव्यांत भाज्या लावतात आणि त्याचे वर्ग भरतात. आत्याच्या नातीनं मला अशा एका वर्गाला नेलं होतं. तिथली बाई सांगत होती, मातीशी नातं जोडा. मी म्हणाले, नातं राहू द्या, आधी पाणी कुठून निघणार ते सांगा. नातीनं मला परत नेलं नाही.

पाणी कुठून निघणार, हे मलाही तेव्हा सुचलं नव्हतं. शेतात मातीला भिंत नसते. पाणी दिलं की ते जातं खाली, जिरतं, आपण विसरून जातो. मी त्या नऊ फुटी वाफ्याला शेतासारखं पाणी द्यायचे, बादल्या ओतून, माती काळीशार होईपर्यंत. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ज्याला टेकलेली असते त्याला पाजते. दुपारी भिंतीतून पाढे आमच्याकडं यायचे आणि पाणी तिकडं जायचं. आठ महिने मेथी खाल्ली, पालक खाल्ला, कॉलनीतल्या चार घरांना जुड्या दिल्या. पगारेबाईंनाही दिल्या. त्यांनी त्या भिंतीच्या पलीकडं बसून खाल्ल्या.

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी पगारेबाई पुढच्या दारानं आल्या. एरवी त्या त्यांच्या ओट्यावरूनच बोलायच्या, पुढच्या दारानं आल्या म्हणजे काहीतरी होतं. सडपातळ बाई, केसांची घट्ट वेणी, आणि बोलणं वर्गात बोलल्यासारखं स्वच्छ. मला म्हणाल्या,

"हिराताई, दोन गोष्टी आहेत. आधी कुठली सांगू?"

आत्या म्हणाली, "वाईट आधी सांगा बाई."

"दोन्ही वाईट आहेत असं मला वाटतं. तुमचं तुम्ही बघा." त्यांनी आम्हाला त्यांच्या मागच्या खोलीत नेलं. दिवाळीला त्यांनी तिथं आकाशी डिस्टेंपर मारला होता. आता खालून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे आले होते आणि मध्ये ओलीचा मोठा डाग होता, तीन फूट वर चढलेला. शिकवणीची पोरं भिंतीला टेकून बसायची, त्यांच्या शर्टांना रंग लागायचा. "मी आधी म्हटलं पाइप फुटला असेल. प्लंबर येऊन गेला. तो म्हणाला, बाई, तुमच्या भिंतीच्या पलीकडं शेत आहे."

मी भिंतीला हात लावला. गार होती आणि तिला माझ्या वाफ्याचा वास येत होता.

"दुसरी काय?" आत्यानं विचारलं.

दुसरी गोष्ट फोनची होती. कॉलनीच्या त्या ओळीत फोन फक्त पगारेबाईंकडं. "काल चांदवडहून फोन होता. सुकदेव म्हणून कुणी. म्हणाले, हिराला सांगा, कांद्याचं रोप तयार झालं की न्यायला येतो. लागणीला माणूस नाही. आणि..." बाई थांबल्या. "आणि घरातल्या बाईला दिवस गेलेत, तिला वाकवत नाही."

सुकदेव म्हणजे माझा नवरा. मी निघून आल्यापासून त्याचा हा पहिला निरोप. मी मनात हिशेब केला. रोप तयार व्हायला अजून तीनेक आठवडे.

घरी आल्यावर मी आत्याला म्हणाले, वाफा काढून टाकते. आत्यानं विचारलं, "आन् तो आला की?"

"तू सांग."

"मी जा म्हननार नाय आन् राहा म्हननार नाय," आत्या म्हणाली. "उद्या तुझं काय बरंवाईट झालं तर माझ्या डोक्यावर नको. तुझं तू ठरव."

तिच्या जागी मीही तेच बोलले असते. पण ठरवायचं तर पायाखाली काहीतरी लागतं. सासरी गेले तर निदान लागणीपुरती माझी गरज होती, हे धडधडीत होतं. इथं मी कोण, हे कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी तर नाहीच. आणि एक वाफा होता तोही चुकीच्या जागी.

रविवारी मी माती उपसायला घेतली. मेथी आधीच काढून घेतली होती. पगारेबाई पदर खोचून आल्या, हातात त्यांचं स्वतःचं घमेलं. मी म्हणाले, बाई, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, "माझ्या भिंतीचं काम आहे, मी करणार." दोन तास आम्ही माती फरशीच्या दुसऱ्या कडेला ओढली. मग मी विटा भरायला गोणी आणली, तेव्हा मामा खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात टेप होता. कारखान्यातला, पोलादी. त्यांनी अंगणाची रुंदी मापली, लांबी मापली, मग खडूनं फरशीवर रेघा मारल्या. मध्यावर, कुठल्याच भिंतीला न लागता.

"दीड फूट सगळीकडून सोडायचं," ते म्हणाले. "दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय ठेवायची गरज पडता कामा नये. पाय पडला की माती बसते."

मी हिशेब ठेवला असता तर त्यांचे ते दोन दिवसांचे शब्द होते. त्यांनी विटा स्वतः रचल्या, पाणसळ ठेवून, एकेक ओळ तपासून, जसं काही त्यावर मशीन बसवायचंय. तळाच्या ओळीत मध्ये मध्ये बोटभर फटी ठेवल्या आणि नळाकडं जाणारा उतार बघितला. पगारेबाई म्हणाल्या, "भाऊ, हे आधी का नाही केलंत? माझा रंग वाचला असता."

मामा म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही."

नवा वाफा पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब झाला, अंगणाच्या बरोबर मध्ये. नळाला जायचं तर आता त्याच्या कडेनं अंग चोरून जावं लागायचं. दोन दिवसांत आम्हा सगळ्यांना ती चाल जमली. आत्या जाड बाई, ती बादली डोक्याच्या वर धरून तिरकी चालायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची. मामा सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून रेघेवरून चालल्यासारखे जायचे.

मी मेथी फोकली. आणि मग ते तीन आठवडे. माझ्या आयुष्यात इतके सावकाश दिवस पुन्हा आले नाहीत. सकाळी धुकं तारेवर थेंब धरून असायचं. ऊन अंगणात यायला दहा वाजायचे, तोवर वाफ्यातून वाफ निघायची, एखादं जनावर झोपेत श्वास घेतं तशी. मी दारात बसून तांदूळ निवडायचे आणि बघायचे. इथं मेथी दोन पानांवर आली, म्हणजे तिकडं रोप वीतभर झालं असणार. इथं तिसरं पान आलं, म्हणजे तिकडं रोपाच्या माना जाड व्हायला लागल्या असणार. तो वाकून बोटानं रोप चाचपतोय हे मला दिसायचं. त्याच्या डोक्यावरची टोपी, धोतराचा घोळ, बांधावरची बाभूळ, सगळं दिसायचं, आणि त्यात मी कुठं उभी आहे ते शोधायचे तर सापडायचे नाही. कधी ओळीत वाकलेल्या बायकांत सापडायचे, पण पाठमोरी. दुपारी आडवी झाले की मेथीच्या रानात लागणीच्या बायकांची ओळ चाललेली दिसायची, मुंगळ्याएवढ्या बायका, कमरेत वाकलेल्या. मला वाटायचं हाक मारावी, पण मला त्यांची नावं आठवायची नाहीत. मग भिंतीपलीकडं पोरं बाराचा पाढा सुरू करायची आणि मी डोळे उघडायचे. मी काय ठरवलं होतं? काहीच नाही. जे लिहायचं ते खरं लिहावं. तो आला असता आणि नीट बोलला असता तर मी गेलेही असते.

तो आला मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला. मेथी चार बोटं झाली होती. पुढच्या दारातून हाक आली, "हाय का घरात कुनी?" आत्यानं दार उघडलं. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर कांद्यांची अर्धी गोणी. त्यानं गोणी भिंतीशी टेकवली आणि मला बघून म्हणाला, "वाळली नाय. बरी हाय की."

"बसा," मी म्हणाले.

"बसतो. पाय धुतो आधी, धूळ लय हाय."

आलेला माणूस पाय धुणारच. मी टॉवेल घेतला आणि त्याच्यामागं निघाले, चौदा वर्षांची सवय. तो मागच्या दारातून अंगणात उतरला. नळ समोर दिसत होता. तो सरळ नळाकडं निघाला. एक पाय विटेवर ठेवला, चढला, आणि दुसरा पाय मेथीत. चपलेसकट, घोट्यापर्यंत. शेतकऱ्याला रोपाच्या वाफ्यातून चालताना आपण चालतोय हेही कळत नाही, पायाला माती ओळखीची असते. तो मध्ये उभा राहून इकडंतिकडं बघायला लागला, तारेकडं, संडासाकडं.

"सुकदेव, पाय काढा," मी म्हणाले.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, लोकांनी अडवल्यावर. मी चौदा वर्षांत त्याला अहो म्हणूनही फार कमी हाक मारली होती, पुढं जाऊन उभी राहायचे. नाव घेतलं तरी काढा म्हणाले, म्हणजे सवय अर्धीच सुटली.

तो वळला. "काय म्हनली?"

"पाय काढा म्हणले. मेथी हाय."

"नाव घेतलं तू माझं."

"घेतलं. पाय काढा आधी."

आत्या दारात उभी होती, तिच्या हातात चहाची गाळणी. शिकवणीची वेळ नव्हती, त्यामुळं भिंतही गप्प. तो पुढं नळाकडं जाऊ शकला असता, तिकडं दोनच पावलं होती. पण तो मागं आला, ज्या खड्ड्यात पाय होता त्याच्यातूनच, आणि विटेवरून खाली उतरला. पाय न धुताच आत जाऊन खाटेवर बसला.

चहा घेताना तो बोलला. रागानं नाही, लागणीचं सांगतात तसं. "उद्यापासून लागण धरायची. बाया मिळत नाय, मिळाल्या तर पिंपळगावकडं जातात, तिकडं द्राक्षाचं काम हाय. तिला वाकवत नाय. तू चल. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं बघू, हे ऐकलं आणि मला मागचं सगळं दिसलं. तोवर माझ्या मनात जे हललं नव्हतं ते हललं. "मी नाय येत," मी म्हणाले.

"मंग काय करती इथं? ह्या एवढ्याशा मातीसाठी राहती? माझ्याकडं पाच एकर हाय."

"ती तुमच्याकडं हाय."

त्यानं आत्याकडं बघितलं. आत्यानं गाळणीकडं बघितलं. त्यानं बशी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "लोक म्हणून बसले कवाच." तो गेला. तो वाईट माणूस नव्हता. हे मी त्याला सूट म्हणून लिहीत नाही. त्याला मेथी दिसलीच नाही, एवढंच.

आत्यानं गोणीचं तोंड उघडून बघितलं. मग म्हणाली, "कांदे तरी ठेवून गेला."

मी अंगणात गेले. दोन जागी माती दबली होती, आणि मेथी आडवी झाली होती, काही मुळासकट. पडलेली सगळी उपटली, धुतली, चिरली. संध्याकाळी मामा आले, हात धुवायला तिरके चालत नळाकडं गेले आणि वाटेत थांबले. वाकून बघितलं. पायाचा ठसा बघितला, आकार बघितला. जेवताना मेथीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मला म्हणाले, "जाणार नाहीस ना?"

"नाही."

"मग रेशनकार्डावर नाव घालून घेऊ. साखर तीन माणसांची मिळायला पाहिजे."

नाव घालायचं तर आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. मामांनी एक दिवसाची रजा टाकली आणि चांदवडला जाऊन आले. परत आले ते दाखल्याशिवाय. आत्यानं विचारलं, दिला नाही का दाखला? मामा म्हणाले, "कमी करायला नाव असावं लागतं. दुसरीचं घालताना त्यांनी हिचं तेव्हाच खोडलंय." मी हसले. वर्षभर मी त्या घरात राबत होते आणि कागदावर तिथं नव्हतेच. साखर मात्र माझ्या हातानं मोजून डब्यात भरत होते.

मामांनी तेच तिथल्या रेशन दुकानदाराकडून लिहून आणलं होतं, त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नाशिकच्या कचेरीत रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म भरायला घेतला. नाव विचारलं, ते मी सांगितलं. वय विचारलं, ते अंदाजे सांगितलं. मग तो मामांना म्हणाला, "कुटुंबप्रमुखाशी नातं?"

मामांनी विचार केला. बायकोच्या भावाची मुलगी, असं ते म्हणू शकले असते. भाची म्हणू शकले असते. ते म्हणाले, "घरातली आहे."

"घरातली असं नातं नसतं काका."

"मग जे असतं ते लिहा."

कारकुनानं काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं, चौथीपर्यंतची शाळा तेवढी कामाला आली. त्यानं लिहिलं होतं, इतर. बाहेर आल्यावर मामा सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "चालेल ना?"

मी म्हणाले, चालेल.